तळहाताएवढी जागा

इंजिन कसं पुसावं हे मी वयाच्या एकसष्टाव्या वर्षी एका तरुणाकडून शिकले. तो मोबाईलमध्ये होता. काळा टी-शर्ट, काळे हातमोजे, मागे काळी भिंत, आणि चेहऱ्यावर एखाद्या अवघड शस्त्रक्रियेला निघाल्याचं गांभीर्य. पुसण्याला तो पुसणं म्हणत नव्हता, ‘डिटेलिंग’ म्हणत होता. मी पस्तीस वर्षं एका वाचनालयात पुस्तकांवरची धूळ पुसली. हा शब्द तेव्हा कानावर आला असता तर निरोपसमारंभातली भाषणं जरा बरी झाली असती.

त्याचं ऐकून मी एक फवारा आणला, एक पॉलिश आणलं आणि फेब्रुवारीतल्या एका बुधवारी सकाळी केडगावच्या घराच्या पोर्चमध्ये बॉनेट उघडलं. गाडी माझ्या वडिलांची. आप्पांनी ती घेतली तेव्हा मी नऊ वर्षांची होते. त्या काळी रस्त्यावर मोटारींच्या दोन-तीनच जाती दिसत, ही त्यातली लहान. फिकट निळी, गोल दिव्यांची, सतत काहीतरी विचारायचं राहून गेल्यासारखा चेहरा असलेली. आप्पा गेल्यावर पंधरा वर्षं मीच चालवली. अलीकडे फारशी नाही, पण दर रविवारी चालू करून गल्लीच्या टोकापर्यंत नेऊन आणत असे.

उन्हाळ्यात मला हे घर सोडायचं आहे. धाकटी बहीण पुण्याला राहते, तिच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या पाहिल्या आहेत. सोसायटीच्या नियमावलीत कुत्र्यांसाठी दीड पान आहे. माझ्या गाडीसाठी एक ओळ आहे, आणि ती ‘नाही’ अशी आहे.

मग गाडीला दोन गिऱ्हाइकं आली. पहिले पुणे रस्त्यावरच्या एका मंगल कार्यालयाचे मालक. पांढरे बूट, दोन मोबाईल, सोबत फोटो काढणारा एक माणूस. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली.

“काकू, लई भारी पीस हाय. लाल रंग देऊ, लॉनवर चौथरा बांधू, वर ठेवू. आत लायटिंग सोडायची. नवरा-नवरी आत बसून फोटो काढतील.”

“आणि इंजिन?”

“ते काढून टाकू की. चौथऱ्यावर वजन कशाला पाहिजे?”

ते वाईट माणूस नव्हते. जाताना माझ्या पाया पडले. पण इंजिनाशिवाय मोटार लाल रंग लावून चौथऱ्यावर बसवायची, ही कल्पना मी सत्कारांमध्ये पुष्कळदा पाहिली होती. तिथे खुर्चीवर माणूस असतो, एवढाच फरक.

दुसऱ्याचा फोन मिरजगावहून आला. भानुदास नावाचे गृहस्थ, हायवेला तीस वर्षं गॅरेज चालवून आता मुलाच्या हाती दिलेले. पहिलाच प्रश्न त्यांनी असा विचारला, की माझा निर्णय तिथेच झाला.

“ताई, गाडी चालती हाय का नुस्ती उभी हाय?”

“चालते.”

“मंग येतो रविवारी. काय हाय, आमच्या मंडळीला बस लागती. लेकीच्या गावाला जायाचं म्हटलं की दोन दिस आधी जेवन सोडती. नव्या गाड्यांच्या काचा लावून बसलं की आनखी मळमळतं तिला. ही जुनी, मोकळी, हवा खेळती. तिला चालंल असं वाटतंय.”

मला हाच माणूस हवा होता. गाडी त्यांच्याकडे गेली तर चालत राहणार होती, नाहीतर दोन आठवड्यांत कार्यालयवाल्यांच्या क्रेनने चौथऱ्यावर चढणार होती. म्हणून बुधवार ते शनिवार, चार दिवस मी इंजिन पुसत होते.

बॉनेट उघडलं की आधी वास येतो. जुन्या पेट्रोलचा, तापून निवलेल्या रबराचा, आणि त्यांच्या खाली कुठेतरी आमच्या गाडीचा खास असा फिनेलचा. आप्पा गुरांचे डॉक्टर होते. त्यांची बॅग, गमबूट, फिनेलची बाटली, पिळून कोरडा न झालेला टॉवेल, सगळं गाडीत. माझ्या शाळेच्या दप्तरालासुद्धा तो वास होता. वर्गातल्या मुली म्हणत, ही आली की गोठा झाडल्यासारखं वाटतं. मला तो टोमणा आहे हे समजायला दोन वर्षं लागली.

इंजिन पुसायचा दिवस रविवार. आप्पा सकाळी एका रिकाम्या तुपाच्या डब्यात रेशनचं निळं रॉकेल ओतत. आई जुन्या लुगड्याचं धडपं फाडून देई, आणि फाडताना दर वेळी तेच म्हणे, “घरातल्या माणसांना कधी एवढं चोळून न्हाऊ घातलं नाही.” आप्पा तेच उत्तर देत, “घरातली माणसं रस्त्यात बंद पडत नाहीत.” हे संभाषण इतक्या वर्षांत एका शब्दाने बदललं नाही. पुढे आई दवाखान्यातून परत आली नाही. त्यानंतर रविवारी धडपं मी फाडू लागले, तेव्हा आप्पा डबा हातात घेऊन थोडा वेळ थांबत. मग कामाला लागत.

मला कामाला घेतलं ते हात लहान होता म्हणून. बॅटरी आणि पत्रा यांच्यामध्ये जी फट असते, तिथे आप्पांचा हात जात नसे. कार्बोरेटरवर दुधाची रिकामी पिशवी दोऱ्याने बांधायची, तशीच दुसरी डिस्ट्रिब्युटरवर. मग दात घासायच्या झिजलेल्या ब्रशाने कोपरे. बॅटरीच्या टोकांवर पांढरा-हिरवा फुलोरा आलेला असे. तो कोमट पाण्यात सोडा घालून धुवायचा आणि वर व्हॅसलीन, तेच, जे आप्पा गाईच्या चिरलेल्या सडांना लावत. वायरींना खोबरेल. शेवटी सगळ्या इंजिनावरून कोरडं फडकं. तेव्हा रॉकेल, खोबरेल आणि आतून येणाऱ्या कांद्याच्या फोडणीचा मिळून एक वास होई. त्या वासाला नाव नाही. मी पुष्कळ पुस्तकांत शोधलं. लेखकांना मोगरा आणि ओली माती यापलीकडे फारसं काही हुंगता येत नाही, असं माझं मत झालं आहे.

आणि एक जागा पुसायची नाही.

वरचं झाकण, ज्याला गॅरेजवाले टॅपेट कव्हर म्हणतात, ते जिथे खालच्या लोखंडावर बसतं, तिथे मागच्या कोपऱ्यात तळहाताएवढी जागा. तिथे झाकणाखालून तेल पाझरे, त्यावर धूळ बसे, आणि काळपट ओलसर नकाशा तयार होई. पहिल्या रविवारी मी उत्साहाने तिथे ब्रश नेला तर आप्पांनी माझं मनगट धरलं.

“बाकी सगळं पूस. एवढं सोड.”

“घाण आहे ना पण.”

“गुराला बोलता येत नाही, पोरी. मग ते शेणात सांगतं, लाळेत सांगतं. ही पण इथं सांगते. पुसून टाकलं तर मी वाचू काय?”

मग ते हातातल्या बॅटरीचा उजेड पाडून ती जागा बघत. बोट लावत, बोट हुंगत. कधी कधी गळ्यातला स्टेथोस्कोप इंजिनाला लावून डोळे मिटून उभे राहत. शेजारी हसत. आप्पांना शेजाऱ्यांची फिकीर नव्हती, कारण शेजाऱ्यांकडे गुरं नव्हती.

शनिवारी संध्याकाळी मी त्या जागेपाशी आले. बाकी इंजिन लखलखत होतं. त्या तरुणाने सांगितलं होतं तसं रबरावर पॉलिश होतं, तांब्याची नळी सोन्यासारखी झाली होती. आणि मागच्या कोपऱ्यात तो काळा डाग. मला त्याची लाज वाटली, खरं सांगायचं तर. पाहुणे यायच्या आधी आपण म्हाताऱ्या माणसाचा सदरा बदलतो, तसं वाटलं. फवारा मारला, मिनिटभर थांबले, धडप्याने पुसलं. दोन हात फिरवले आणि ती जागा बाकीच्यासारखी झाली. पन्नास वर्षांहून अधिक काळ जे केलं नव्हतं ते इतकं सोपं असेल असं वाटलं नव्हतं.

रविवारी भानुदास आले. सडपातळ, पांढरी टोपी, खिशात छोटी बॅटरी. चहाला नको म्हणाले आणि सरळ बॉनेटपाशी गेले. मी ते उघडलं. ते बराच वेळ पाहत राहिले.

“आरं तिच्या,” ते हळूच म्हणाले.

मला ते कौतुक वाटलं.

“ताई, धुतलं का हे?”

“पुसलं. चार दिवस.”

“लई ग्वाड झालंय.” ते बॅटरी खिशातून काढून परत खिशात ठेवत म्हणाले. “वाईट वाटून घेऊ नका. पन आमच्या धंद्यात इकायच्या गाडीचं इंजिन चकाचक दिसलं का आमी बॉनेट लावून घेतो. गळती कुठं हाय, किती हाय, कवाची हाय, समदं त्या घानीत असतंय. तुमी तर पाटीच पुसून ठेवली.”

“गळती फारशी नाही हो,” मी म्हणाले, आणि आपलाच आवाज मला ओळखीचा वाटला. हा आवाज मी लहानपणी घोडेगावच्या गुरांच्या बाजारात शेकडो वेळा ऐकला होता. शिंगांना तेल चोळलेला, अंगावर हळद-कुंकवाचे हात उठवलेला बैल, शेजारी त्याचा मालक, आणि तोंडात हेच वाक्य: तसा दोष काही न्हाई डॉक्टर. आप्पा अशा बैलाचे दात आधी बघत.

“एक जागा पुसायची नव्हती,” मी म्हणाले. “वडिलांनी कधी पुसू दिली नाही. काल तीही पुसली.”

“कंची?”

मी दाखवली. भानुदासांनी वाकून पाहिलं, झाकणाच्या कडेवरून अंगठा फिरवला.

“वडील लायनीतले हुते का?”

“गुरांचे डॉक्टर.”

“मंग बराबर हाय,” ते म्हणाले. जणू गुरांचे डॉक्टर आणि मोटारींचे मिस्त्री ही एकाच घरातली चुलत भावंडं. “आसं करा ताई. आठ दिस चालवा. रोज पंचवीस-तीस किलोमीटर, जरा गरम होऊ द्या. फडकं लावू नका. रविवारी येतो न बघतो.”

“त्याच्या दुसऱ्याच दिवशी, सोमवारी ते कार्यालयवाले क्रेन पाठवणार आहेत.”

“रविवार सोमवारच्या आदी येतो का न्हाई?” त्यांनी टोपी सारखी केली. “पन ताई, लई गळत आसंल तर मी न्हाई म्हननार. मंडळीला रस्त्यात बसवून इंजिन उघडायचं वय न्हाई ऱ्हायलं माझं.”

आठ दिवस मी गाडी चालवली. कुठे जायचं हा प्रश्न पहिल्याच सकाळी पडला. कामं सगळी चालत जाण्याच्या अंतरावरची, आणि माणसं बहुतेक फोनच्या अंतरावरची. म्हणून आप्पांच्या जुन्या वाटा धरल्या. उसाचा हंगाम होता. एकामागे एक दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, त्यांच्यावर लावलेली गाणी, रस्त्यावर पडलेली उसाची टिपरं. दूरच्या कारखान्यातून मळीचा आंबट-गोड वास काच खाली केली की आत येई. पूर्वी या दिवसांत आप्पांना वाटेत कुणी ना कुणी हात दाखवून थांबवी. गाय अडली आहे, म्हैस चारा खात नाही. मग एखाद्या वस्तीवर मी बाजेवर बसून पुस्तक वाचत असे आणि कुणीतरी माझ्यासमोर हुरड्याची ताटली ठेवी. गरम ज्वारी, लसणाची चटणी, शेकोटीचा धूर. पुस्तकाच्या पानांना तेलकट बोटं लागत. त्यातलं एक पुस्तक वाचनालयाचं होतं, आणि पुढे त्याच वाचनालयात कामाला लागल्यावर ती पानं मला परत भेटली. मी ती पुसली नाहीत.

आता कुणी हात दाखवला नाही. गुरांच्या डॉक्टरांना मोबाईलवर बोलावतात आणि ते मोटारसायकलवर येतात, हेच योग्य आहे. वस्त्यांना पक्के रस्ते झाले, हेही योग्यच आहे. योग्य गोष्टींबद्दल तक्रार करता येत नाही, ही त्यांची मोठी अडचण.

बाजाराच्या दिवशी घोडेगावला गेले. गर्दी तशीच, आवाज तसाच, टेम्पो मात्र वाढलेले. एका कडेला गाडी लावून आतच बसून राहिले. पूर्वी मी अशीच बसे आणि आप्पा गर्दीत शिरत. गमबुटांचा चिखल झटकत परत आले की त्यांच्या हातात कागदात बांधलेली भेळ असे. ती ते आधी मला देत, मग हात धूत. थोड्या वेळाने काचेवर टकटक झाली. दोन तरुण होते.

“काकू, गाडीसंगं फोटो काढू का?”

“काढा.”

ते बॉनेटला टेकून उभे राहिले. तिसऱ्याने मोबाईल धरला, आणि मग जरा अवघडून माझ्याकडे पाहिलं. “काकू, जरा खाली उतरता का? फ्रेममध्ये येताय.”

मी उतरले. कडेला उभी राहिले. फोटो चांगले आले असावेत.

रोज परत आल्यावर इंजिन निवलं की मी बॉनेट उघडून त्या कोपऱ्यात बॅटरीचा उजेड पाडत असे. तीन दिवस काहीच नव्हतं. चकचकीत लोखंड आणि त्यात माझ्याच बॅटरीचा ठिपका. आपण कुणाचं तरी तोंड बंद केलं आहे, असं वाटत राही. चौथ्या दिवशी झाकणाच्या कडेला केसाएवढी ओली रेघ दिसली. गळतीची वाट इतक्या आतुरतेने पाहणारी मी जिल्ह्यात एकटीच असेन. पाचव्या दिवशी रेघेवर धूळ बसली. सहाव्या दिवशी ती खाली उतरू लागली, आणि मग भीती वाटायला लागली. ही रेघ किती लांब झाली तर फार झाली, हे मला माहीत नव्हतं. आप्पांनी जागा सोडायला शिकवलं होतं, वाचायला शिकवलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं. माझी समजूत अशी होती की वाचणारा माणूस घरात आहेच.

रविवारी भानुदास आले ते मंडळीला घेऊन. बाई थकलेल्या दिसत होत्या. दोघं मिरजगावहून बसनेच आले होते. हातात अर्धं लिंबू होतं, ते अधूनमधून हुंगत त्या पोर्चच्या पायरीवर बसल्या. मी पाणी दिलं तर त्यांनी नुसत्या खुळखुळून चुळा भरल्या.

“चार वर्सं झाली लेकीच्या घरी जाऊन,” त्या मला म्हणाल्या. “तीच येती. ती म्हंती, आई, तू आलीस तर नातवंडं खूश होतील, पन तू आल्यावर दोन दिस आडवीच.”

तिकडे भानुदास बॉनेटखाली वाकले होते. बॅटरी दातांत धरली होती. बोट लावलं, दोन बोटांत तेल चोळून पाहिलं, हुंगलं. मग मला गाडी चालू करायला सांगितली आणि झाकणाला हात लावून डोळे मिटून उभे राहिले. मी स्टिअरिंगमागे बसून बॉनेटच्या फटीतून त्यांच्या फक्त टोपीकडे बघत होते. टोपी हलत नव्हती. मला वाटतं, परीक्षेच्या निकालालासुद्धा मी इतकी घाबरले नव्हते.

ते बाजूला झाले. पायजम्याला हात पुसला.

“घाम हाय ताई. जखम न्हाई.”

“म्हणजे?”

“म्हंजी म्हाताऱ्या मानसाला जेवढा येतो तेवढा. झाकनाखालचं वायसर जुनं झालंय, बदलीन. नेतो मी.”

बाईंनी पायरीवरूनच विचारलं, “आदी बसून तर बघू द्या मला. तुमी नेताल न मी वकून ठेवीन.”

तेव्हा फेरफटका मारायचं ठरलं. कागदांसाठी सोमवारी नगरला भेटायचं होतंच, आणि कार्यालयवाल्यांना क्रेन पाठवू नका असा निरोप मी तिथेच उभ्या उभ्या धाडला. भानुदास चालवायला बसले. बाई पुढे, काच पूर्ण खाली. मी मागे. या गाडीत मागच्या सीटवर मी याआधी कधी बसले नव्हते. तिथे आप्पांची बॅग असे. मागून गाडी वेगळीच दिसते, लांब आणि दुसऱ्या कुणाची तरी. पुढे दोन माणसांची डोकी, मध्ये रस्ता.

गाडी केडगावातून बाहेर पडली, बायपासला लागली. भानुदासांनी गिअर बदलला तो इतक्या हलक्या हाताने की मला वाटलं बदललाच नाही. बाईंच्या पदराचं टोक वाऱ्याने माझ्या गुडघ्यापर्यंत येत होतं. लिंबू त्यांनी मुठीत धरलं होतं, पण नाकाशी नेलं नव्हतं.

“कसं वाटतंय?” भानुदासांनी विचारलं.

“गप चालवा.”

थोडं अंतर गेलं.

“वळू का आता?”

“नका वळू,” बाई म्हणाल्या. “बरं वाटतंय. आसंच घरी चला. थांबल्यावर परत मळमळंल.” मग त्यांना मागे मी आहे हे आठवलं आणि त्या शरमून मागे वळल्या. “आगं बया. ताईंना सोडायचं ऱ्हायलं की.”

“मला इथेच सोडा,” मी म्हणाले. “मी जाईन चालत. घर काही लांब नाही.”

“आसं कसं, ताई? सोडून येतो की.”

“अहो, त्यांना बरं वाटतंय तोवर निघा.”

भानुदासांनी गाडी कडेला घेतली, इंजिन चालूच ठेवलं. मी उतरले, दार लावलं. हे दार जरा ओढून मग ढकलावं लागतं, ते त्यांना सांगायचं राहिलं होतं. पण त्यांनी आतून पाहिलंच होतं. बाईंनी खिडकीतून माझा हात धरला, सोडला. गाडी निघाली.

पन्नासएक पावलांवर ती पुन्हा हळू झाली. मला वाटलं, काहीतरी विसरलं असेल. मागच्या काचेतून भानुदासांचा हात वर जाताना दिसला. त्यांनी आतला आरसा धरला, थोडा खाली केला, थोडा वळवला, आपल्या उंचीला लावून घेतला, आणि गाडी मिरजगावकडे गेली.